पांढुर्ण्याहून नागपूरला: मुलाचा नववीतला प्रवेश आणि कॅथलिक शाळेतलं पहिलं वर्ष

6 मे 2024, सोमवार. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि नागपूरचं ऊन तेव्हाच चटके देत होतं. शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी माझ्यापुढे सात जण उभे होते. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या फायली होत्या, माझ्या हातात फक्त मुलाचं आठवीचं प्रगतिपत्रक. खिडकीतल्या बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं, "एमपीचे आहात? टीसी काढली का?" टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मी म्हटलं, "अजून नाही, आधी प्रवेश मिळेल का ते विचारायला आले." त्यांनी एका चिठ्ठीवर कागदांची नावं लिहून दिली आणि 27 मे नंतर फॉर्मसाठी यायला सांगितलं. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे.

आम्ही पांढुर्ण्याचे. घरी मराठीच बोलतो, पण गाव मध्य प्रदेशात, त्यामुळे मुलाची शाळा इंग्रजी माध्यमाची आणि दुसरी भाषा हिंदी. माझे मिस्टर संत्र्याच्या व्यापारात आहेत. बरीच वर्षं ते हंगामात नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात ये-जा करायचे. 2024 मध्ये नागपूरलाच राहायचं ठरलं आणि कडबी चौकाजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मुलगा नववीत जाणार होता. नववीला शाळा बदलायची, तीही राज्य बदलून, म्हणजे सगळ्यांनी भीती घालायचीच. प्रत्येक जण वेगळं सांगत होता. शाळा कॅथलिक आहे म्हटल्यावर तर भावकीतले फोन वाढले.

शाळेचं नाव मी लिहीत नाही. नागपुरात अशा शाळा बऱ्याच आहेत, आणि कागदपत्रांपुरतं बोलायचं तर बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याला बहुतेक शाळांत साधारण हाच क्रम लागतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आमचे पंधरा दिवस तिच्यात गेले. शेजारच्या काकूंनी आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, फॉर्म भरायला सांगितला होता. आरटीई आठवीपर्यंतच आहे, नववीला तो लागू होत नाही. शिवाय अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना आरटीई कायदा लागू नाही, हा 2014 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. संविधानाच्या कलम 30 नुसार त्यांना स्वतःची शाळा चालवण्याचा हक्क आहे. त्यामुळे अशा शाळेत नववीला जागा हवी असेल तर सरळ ऑफिसात जाऊन विचारणं एवढाच रस्ता. जागाही तेव्हाच निघते जेव्हा कोणी आठवीनंतर दाखला काढून जातं. आमच्या वेळी नववीच्या दोन तुकड्या मिळून पाच जागा होत्या.

27 मे ला फॉर्म घेतला, 300 रुपये. 15 जूनला, शनिवारी, इंग्रजी आणि गणिताची लेखी चाचणी झाली, एक तास. चाचणी अवघड नव्हती, आठवीचंच होतं. मुलगा बाहेर आला तो म्हणाला, "आई, शेवटचा प्रश्न होता की तुला कोणतं काम हातांनी करता येतं. मी लिहिलं संत्र्याची पेटी भरता येते." मला वाटलं, गेला प्रवेश.

18 जूनला मुलाखत. प्रिन्सिपल फादर होते, साठीच्या आसपासचे. मी मोठी तयारी करून गेले होते, आमचं उत्पन्न, आमचं शिक्षण, नागपूरला का आलो, सगळं. त्यांनी आम्हाला दोघांना पाच मिनिटंसुद्धा विचारलं नाही. सगळा वेळ मुलाशी बोलले. पेटीत खाली कोणती संत्री ठेवतात, वर कोणती, तणस, म्हणजे पेंढा, किती घालतात. मुलगा आधी मान खाली घालून बोलत होता, मग हातांनी दाखवू लागला. फादर म्हणाले, "इथे येशील तर पहिले दोन महिने तुला एकटं वाटेल. वाटलं तर कोणाला सांगशील?" तो म्हणाला, "आईला." फादर म्हणाले, "आई घरी असते. इथे कोणाला?" त्याला उत्तर आलं नाही. मग ते म्हणाले, ते नाव शोधणं हा तुझा पहिला गृहपाठ.

मग मी माझा प्रश्न विचारला. घरून निघताना सासूबाईंनी बजावून सांगितलं होतं, म्हणून विचारावाच लागला. मुलाच्या हातात देवीचा धागा असतो, तो काढावा लागेल का? आणि प्रार्थनेला उभं राहावं लागेल का? विचारताना मला फार संकोच झाला. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "देवाचा धागा काढायला आम्ही सांगत नाही. फॅशनचं कडं काढायला सांगतो." प्रार्थनेबद्दल त्यांनी सांगितलं की सकाळच्या असेंब्लीत सगळ्यांसाठी एक सामाईक प्रार्थना असते, मग संविधानाची उद्देशिका, मग राष्ट्रगीत. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळ्या वर्गात असतो, बाकीच्यांना त्याच वेळी मूल्यशिक्षण. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय कॅथलिक बिशप्स परिषदेच्या शिक्षण कार्यालयाने शाळांना मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यांत इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या धार्मिक परंपरा लादू नका आणि असेंब्लीत उद्देशिका म्हणवून घ्या, असं लिहिलेलं होतं. त्या पुढे मी स्वतः वर्तमानपत्रात वाचल्या. तुमच्या मनात असा प्रश्न असेल तर मुलाखतीतच विचारा. घरी बसून अंदाज बांधण्यापेक्षा ते बरं, आणि समोरच्यालाही कळतं की तुम्ही काय मनात धरून आला आहात.

20 जूनला यादीत नाव लागलं. 25 जूनपर्यंत मूळ टीसी जमा करायची होती. इथे माझी मोठी चूक झाली. टीसी मी मे महिन्यातच पांढुर्ण्याहून काढून आणली होती आणि त्या कागदाला जपून कपाटात ठेवलं होतं. 25 तारखेला खिडकीत दिली तर बाईंनी ती उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी होती. "काउंटर सही कुठे आहे?"

दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या मुलाच्या टीसीवर तिथल्या जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. 6 मे च्या त्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं होतं. "टीसी, डीईओ काउंटर" असं. मी ते वाचलं होतं आणि मला वाटलं होतं की टीसीवर शाळेचा जो गोल शिक्का असतो तोच. विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं.

बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. 26 ला पहाटे मी एकटीच गाडीत बसले. काटोल, नरखेड, पांढुर्णा, रोजचा ओळखीचा रस्ता, पण त्या दिवशी पोटात गोळा होता. आधी जुन्या शाळेत गेले. तिथल्या बाबूंनी शाळेचं एक पत्र लिहून दिलं, टीसीची झेरॉक्स आणि प्रगतिपत्रकाची झेरॉक्स जोडायला सांगितली आणि सही कुठे होते ते समजावलं. आमचा जिल्हा 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा झाला, म्हणून तिकडच्या लोकांना माझं सांगणं आहे की कोणत्या कार्यालयात जायचं ते शाळेतूनच पक्कं विचारून निघा, नाहीतर ऐंशी-नव्वद किलोमीटरचा फेरा पडेल. 27 ला संध्याकाळी सही आणि शिक्का मिळाला. रात्री बहिणीकडे राहिले. 28 ला, शुक्रवारी, अकरा वाजता मी पुन्हा त्याच खिडकीशी होते. बाईंनी टीसी उलटी केली, शिक्का पाहिला, आणि पहिल्यांदा हसल्या. "पाणी प्या," म्हणाल्या.

खर्चाचं लिहिते, कारण मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. वर्षाची फी, टर्म फी, कॉम्प्युटर, डायरी, ओळखपत्र मिळून आमचे 31,400 रुपये गेले. एकदम भरणं जमत नव्हतं. प्रिन्सिपलच्या नावे साधा अर्ज लिहिला तर तीन हप्ते करून मिळाले. गणवेशाचे दोन जोड आणि पीटीचा एक मिळून 3,850, काळे आणि पांढरे बूट मिळून 1,450. पुस्तकं बालभारतीचीच असतात, ती नऊशेच्या आत आली. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकटही उतरवता येतात, दुकानात एखादं मिळालं नाही तर घाबरू नका. गणवेशाला मात्र जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. आम्ही 29 तारखेला गेलो तर त्याच्या मापाची पँट संपली होती. पहिले नऊ दिवस तो जुन्या शाळेच्या निळ्या पँटवर गेला, आणि डायरीत तशी परवानगी लिहून घ्यावी लागली.

शाळा 1 जुलैला सुरू झाली.

या शाळेत डायरी म्हणजे सगळं. आमच्या जुन्या शाळेत डायरी असायची, पण जूननंतर ती कोणी उघडत नसे. इथे उशिरा आला तर डायरीत, दांडी मारली तर कारण डायरीत, गृहपाठ राहिला तर डायरीत, आणि चांगलं काही केलं तर तेही डायरीत. प्रत्येक नोंदीखाली पालकांची सही. रोज रात्री जेवणानंतर डायरी बघायची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. मी लावली नाही. कागदांचं इतकं दडपण झालं होतं की प्रवेश झाला म्हणजे आपलं काम संपलं, असं मी धरून चालले होते.

फादरांनी सांगितलेले एकटेपणाचे दोन महिने खरे ठरले. तो डबा एकटा खायचा. मुलं एकमेकांना "काहून बे" म्हणून हाक मारायची आणि हा त्यांच्याशी हिंदीत बोलायचा, कारण शाळेत हिंदीच बोलायची ही त्याची सवय. घरी येऊन दार लावून बसायचा. विचारलं की "ठीक आहे".

खरी अडचण मराठीची होती. महाराष्ट्रात मराठी सगळ्या शाळांत सक्तीची आहे, 2020 चा कायदा आहे. मुलगा मराठी बोलतो, देवनागरी वाचतो, तेव्हा मराठीत त्याला काय अवघड, असं मी मानलं होतं. पण त्याने आयुष्यात मराठीत एक परिच्छेद लिहिला नव्हता. त्याच्या हाताला ळ हे अक्षरच नव्हतं. आमच्या बोलीत पोळ्याला आम्ही पोया म्हणतो, डोळ्याला डोया. हिंदी पुस्तकात तेच पोला. आणि इथे पेपरात पाहिजे पोळा. तो बिचारा कधी य लिहायचा, कधी ल. वडील जिथे काम करतात त्या बाजाराचं नाव त्याने डायरीत पत्त्याखाली "कलमना" असं लिहिलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या घटक चाचणीत त्याला मराठीत वीसपैकी चार गुण मिळाले. ते मला कळलं 20 तारखेला, कारण त्या दिवशी डायरीत लाल शाईने लिहून आलं: पालकांनी गुरुवारी दीड वाजता भेटावे. पान मागे उलटलं तर चाचणीच्या गुणांखाली माझी सही होती. मी केलेली नव्हती. अक्षर हुबेहूब माझं होतं, पण मी सहीत फक्त नाव लिहिते, आणि त्याने आडनावही लिहिलं होतं. वर्गशिक्षिकेच्या ते लक्षात आलं होतं.

त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. मिस्टर बाहेरगावी होते. मला वाटत होतं की आता नाव काढतील, टीसी परत देतील, आणि त्या टीसीवर शेरा येईल. मी खरंच पट्टी घेऊन त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते.

22 ऑगस्ट, गुरुवार. उपमुख्याध्यापक फादरांच्या खोलीत वर्गशिक्षिका, एक सिस्टर आणि ते स्वतः. खुर्च्या कशा मांडल्या होत्या ते मला आजही दिसतं. मुलाला आरोपीसारखं समोर उभं केलं नव्हतं. त्याची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून होती, टेबलाच्या एकाच बाजूला आम्ही दोघं. फादर म्हणाले, "काय झालं ते तू आईला सांग. आम्हाला माहीत आहे, आम्हाला नको सांगूस." तो माझ्याकडे तोंड करून बोलू लागला आणि मधेच रडू लागला. त्याने सांगितलं की चार गुण पाहून बाबा परत पांढुर्ण्याला पाठवतील असं त्याला वाटलं. गेले दोन महिने तो हेच धरून बसला होता. आम्ही दोघं नवरा-बायको आपसात भाड्याचं, फीचं बोलायचो, "जमलं नाही तर परत जाऊ" असं म्हणायचो, ते त्याने ऐकलं होतं. मला हे माहीतच नव्हतं.

शिक्षा झाली. चार आठवडे, मंगळवार आणि गुरुवार, शाळा सुटल्यावर एक तास थांबायचं. अर्धा तास लायब्ररीतल्या फाटक्या पुस्तकांना कव्हर घालायची, अर्धा तास सिस्टरांकडे मराठी. रजिस्टरला नोंद केली नाही. निघताना फादरांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "घरी गेल्यावर मारणार नाही असं मला सांगून जा." मी सांगितलं. पट्टीचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

या सिस्टर केरळच्या. मराठी त्यांनी नागपुरात येऊन शिकलेली, चाळिशीनंतर. मी एका गुरुवारी त्याला घ्यायला लवकर गेले तेव्हा दाराबाहेरून ऐकलं. त्या त्याला ळ शिकवत होत्या. म्हणाल्या, "हा माझ्या मल्याळममध्येही आहे. केरळम म्हणतानासुद्धा जीभ मागे वळवावी लागते. तुझी आजी पोया म्हणते ना? चूक नाही ते. ते घरचं. हे पेपरचं. दोन्ही ठेव." मग एका कागदावर शब्द लिहायला लावले: पोळा, पळस, डोळा, जवळ, कळमना. प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणून दहादा. ळ लिहिताना तो आधी दोन गोल वेगवेगळे काढायचा, चष्म्यासारखे, आणि मग त्यांना जोडायचा. सिस्टरांनी त्याचा हात धरून एका ओढीत काढायला शिकवलं.

2 सप्टेंबरला पोळा होता. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, आणि त्याच दिवशी आमच्या पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि पांढुर्णा आणि सावरगाव या दोन बाजूंचे लोक एकमेकांवर दगड मारतात. दरवर्षी माणसं जखमी होतात. माझ्या चुलत दिराच्या कपाळावर त्याची खूण आहे. सिस्टरांनी मुलाला सांगितलं की दोन्हींवर एक पान लिही. त्याने लिहिलं. आपल्या गावात त्या दिवशी आई दार लावून घ्यायची आणि छतावरून आवाज ऐकू यायचा, आणि यंदा त्याच दिवशी तो इतवारीत पिवळी मारबत पाहत होता, हे त्याने लिहिलं. ते पान वर्गात वाचायला लावलं. त्या दिवशी डबा खाताना त्याच्या बाकावर तीन मुलं येऊन बसली, कारण त्यांना गोटमारीबद्दल विचारायचं होतं. घरी आल्यावर त्याने तीन नावं सांगितली. जूनमधला तो गृहपाठ सप्टेंबरात झाला.

त्यानंतरचे महिने भराभर गेले. हाऊसच्या स्पर्धा, खेळांचा दिवस, पालक-शिक्षक संघाची सभा. सभेला जरूर जा. फीवाढीचा विषय याच संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, 2011 च्या फी कायद्यात तसं आहे. मी गप्प बसून ऐकलं, तरी खूप कळलं. नोव्हेंबरात शाळेने नववीच्या मुलांना एका शनिवारी वृद्धाश्रमात नेलं. तिथे कोणी भाषण केलं नाही, कार्यक्रम नव्हता. प्रत्येक मुलाला एक आजोबा किंवा आजी दिली आणि दोन तास त्यांच्याजवळ बसायला सांगितलं. आमच्याकडे आलेल्या आजोबांना दिसत नव्हतं. मुलाने त्यांना मराठी पेपर वाचून दाखवला, अडखळत. ते त्याचे उच्चार दुरुस्त करत होते.

याच महिन्यात कागदांचं दुसरं प्रकरण निघालं. अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशभर चालणाऱ्या ओळख क्रमांकासाठी, पालकांचं संमतीपत्र मागवलं, आणि मुलाचं नाव जुळेना. मध्य प्रदेशात त्याचं नाव सगळीकडे फक्त नाव आणि आडनाव असं. इथे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लागतं, आणि बोर्डाच्या कागदांवर आईचंही. ऑफिसातल्या बाईंनी मला बसवून सांगितलं की शाळेच्या जनरल रजिस्टरला जे नाव आहे तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर जाईल, तेव्हा हे नववीतच निस्तरून टाका. आधी आधार सुधारलं. पोस्टातल्या केंद्रात तेव्हा 50 रुपये लागले, जन्मदाखला मूळ न्यावा लागतो. अकरा दिवसांत झालं. मग शाळेकडे अर्ज, सोबत जन्मदाखला, नवीन आधार आणि माझं व मिस्टरांचं आधार. शाळेने तो पुढे मंजुरीला पाठवला. उत्तर जानेवारीच्या शेवटी आलं. तोवर मी दर पंधरा दिवसांनी विचारायला जायची. आणखी एक म्हणजे पेन नंबर, यू-डायसवरचा, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतला, कायमचा शैक्षणिक क्रमांक. तो जुन्या शाळेतून आठवणीने लिहून आणा, आणि जुन्या शाळेने मुलाला ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या ऑनलाइन यादीत, टाकलं का तेही विचारा. त्याशिवाय नवीन शाळेला ऑनलाइन नाव ओढून घेता येत नाही. आमच्यासाठी जुन्या शाळेतल्या त्याच बाबूंनी एका फोनवर ते करून दिलं.

डिसेंबरात शाळेत गव्हाणी करायची होती, येशूच्या जन्माचा देखावा. ज्यांना हवं त्यांनी नाव द्यायचं. मुलाने दिलं आणि घरी येऊन बाबांना म्हणाला, "तणस पाहिजे, चांगली, पिवळी." संत्र्यांच्या पेट्यांत घालतात तीच. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. मला धाकधूक वाटत होती की काही बोलतील. त्यांनी तणसाची पेंडी हातात घेऊन पाहिली आणि नातवाला म्हणाल्या, "ओली नको नेऊस, लेकराखाली आंथरायची ना?" कळमन्याहून दोन पोती गेली.

नाताळच्या आदल्या आठवड्यात आम्ही सगळे सदरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये गेलो. नागपूरचा धर्मप्रांत 1887 सालचा, 1953 मध्ये तो महाधर्मप्रांत झाला, हे मुलानेच सांगितलं. इथे सुरुवातीला आलेले मिशनरी फ्रान्समधल्या अॅनसीहून आलेले. सासूबाई चप्पल काढून आत गेल्या, हात जोडले आणि मागच्या बाकावर बसून राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "शांत आहे." त्यानंतर धाग्याबद्दल त्यांनी परत विचारलं नाही. धागा मात्र मुलाच्या हातात होताच.

मृगाच्या बहराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये आली आणि मिस्टर रात्री-रात्री बाजारात असायचे. तेव्हा ओपन डेला मी एकटी गेले. मराठीत बावन्न गुण होते, शंभरपैकी. फार नाहीत. वर्गशिक्षिकेने उत्तरपत्रिका समोर ठेवली आणि निबंधाच्या पानावर बोट ठेवलं. ळ सगळीकडे बरोबर होता. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं. दहावीसाठी रोज एक पान शुद्धलेखन लिहायला सांगितलं आहे. तो लिहितो, कुरकुरत.

वार्षिक परीक्षा एप्रिलच्या उन्हात झाली. 21 एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले. 22 ला मुलाचा विज्ञानाचा पेपर होता. पेपराआधी सगळी शाळा दोन मिनिटं शांत उभी राहिली, असं त्याने येऊन सांगितलं. लायब्ररीत तो ज्यांच्यासोबत पुस्तकांना कव्हर घालायचा त्या दादांचे डोळे भरून आले होते. मुलाने त्यांना आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. हे सांगताना तो पंखा वाढवायला उठला आणि दुसरंच काही बोलू लागला.

निकालाच्या दिवशी जनरल रजिस्टरमधल्या नोंदीची प्रत तपासायला दिली. ही तपासणी घाईत करू नका. मी खिडकीतून बाजूला झाले, बाकावर बसले आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आईचं नाव. जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत. जन्मगाव पांढुर्णा, जिल्ह्याच्या रकान्यात छिंदवाडा, कारण तो जन्मला तेव्हा तेच होतं. खाली मी सही केली, फक्त नाव.

परवा नणंदेचा फोन आला. तिच्या मुलीला यंदा नागपूरला नववीत घालायचं आहे. शाळा कशी आहे, फादर-सिस्टर कडक आहेत का, पोरगी रमेल का, ती सगळं एकदम विचारत होती. मी म्हटलं, "सांगते, सगळं सांगते. आधी उठ आणि टीसी काढून आण. आता ती उलटी कर. मागे सही-शिक्का आहे का?"

फोनवर कपाट उघडल्याचा आवाज आला.